आपोआप चढणाऱ्या तारा

चोतोकुदादाला कुणाला नाही म्हणायचं असलं की तो आधी चहा प्यायचा. कप रिकामा होईपर्यंत समोरच्याने आशेवर राहायचं, कप खाली टेकला की काय ते समजून घरी जायचं. मित्सुए त्याची सख्खी धाकटी बहीण. ही पद्धत तिने जन्मभर पाहिली होती. म्हणून त्या दुपारी तो गावाच्या सामाईक दुकानात येऊन नेहमीसारखा बाकावर बसला, तेव्हा गल्ल्यामागून उठून तिने चहा ठेवलाच नाही.

"दादा, आईच्या तेहतिसाव्याला मी सानशिन वाजवणार आहे," ती म्हणाली. "वाजवणार आणि गाणार."

दादाने सवयीने कपासाठी हात पुढे केला. तिथे कप नव्हता.

"तू?" तो म्हणाला. "खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही. म्हणून तर शिकणार."

"सत्तावन्नाव्या वर्षी?"

"आपल्या घरातल्या बायका सगळं उशिराच करतात. आधी पुरुषांचं आटपावं लागतं."

ओकिनावाच्या उत्तर टोकाला, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत बसलेलं हे गाव. इथे गेलेल्या माणसाची वर्षं पाळतात. पहिल्या काही वर्षांना रडायचं. तेहतिसावं शेवटचं, आणि ते मात्र सणासारखं करायचं: लाल मिठाई, डुकराचं मांस, तांदळाची दारू, गाणं आणि नाच. त्या दिवशी गेलेलं माणूस घराण्याच्या देवांत मिसळून जातं. त्यानंतर त्याला एकट्याला कुणी हाक मारत नाही. म्हणजे पुढच्या हिवाळ्यानंतर मित्सुएने देव्हाऱ्यासमोर बसून 'आई' म्हटलं, तर ऐकायला एकटी आई नसणार. सगळे पूर्वज एकदम कान देणार, आणि त्यातले निम्मे दादासारखेच असणार.

आईने आयुष्यभर गाणी गायली. शेतात गायली, मासे वाळत घालताना गायली, दुसऱ्यांच्या लग्नांत गायली. सानशिनला मात्र तिला हात लावू दिला नाही कुणी. तीन तारांचं, अजगराच्या कातड्याने मढवलेलं ते वाद्य वडिलांचं होतं आणि बैठकीच्या कोनाड्यात मानाने टांगलेलं असायचं. बाईच्या हाती सानशिन म्हणजे नाहा शहरातल्या त्या गल्लीतल्या बायकांचं काम, असं वडील म्हणायचे. देव्हारा, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आणि सानशिन, तिन्ही गोष्टी वडिलांमागे थोरल्या मुलाकडे गेल्या. आईच्या वाट्याला त्याची धूळ पुसायचं फडकं होतं. आई गेल्यावर तेही मित्सुएला मिळालं नाही, सुमिएवहिनीकडे गेलं.

एकदा, शेवटचं, आईला आई म्हणून गाणं ऐकवायचं, आणि ते आईला नाकारलेल्या वाद्यावरच ऐकवायचं. मित्सुएला दुसरं काही नको होतं.

"वर्गाला ये," दादा शेवटी म्हणाला. बिनचहाचा होकार त्याला जड गेला. "सगळ्यांसारखी ये. कार्याच्या आधी सुरात गाता-वाजवता आलं, तर बघू."

गाव त्याला मास्तर म्हणायचं. समाजमंदिरात तो तीस वर्षं वर्ग घेत होता. गावात अशा माणसाचं ऐकतात, आणि ऐकायची एकदा सवय लागली की तो काय म्हणतोय ते तपासायचं राहून जातं.

मित्सुएकडे वाद्य नव्हतं. समाजमंदिराच्या कपाटात शाळेतल्या मुलांनी कधीतरी बनवलेलं एक सानशिन पडलं होतं. अजगराच्या कातड्याऐवजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला लाकडी दांडी. तेच घेऊन ती वर्गात बसली. शेजारी सगळ्यांची काळी चकचकीत वाद्यं. हिच्या डब्यावर अजून अर्धं बिस्किट छापलेलं दिसत होतं.

"मास्तरांची बहीण आणि हातात डबा," मागून कुणीतरी म्हणालं.

"डबा रिकामा आहे, हावरटासारखं बघू नकोस," मित्सुए म्हणाली.

शिकणं म्हणजे पहिले काही आठवडे नुसती फजिती होती. तर्जनीत शिंगाची जाड नखी घालायची आणि तिने तार खाली दाबून सोडायची. तिची नखी तारेऐवजी डब्यावर आपटायची आणि सगळा वर्ग दचकायचा. दांडीवर ना पडदे ना खुणा. बोट कुठे ठेवायचं ते बोटालाच कळायला हवं, आणि तिच्या बोटांना आजवर फक्त टोफू कापणं आणि सुट्टे मोजणं माहीत होतं. तिने दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या खुणेसाठी दांडीवर चिकटवल्या. दादाने त्या एकेक करून सोलून काढल्या आणि तिच्याच मांडीवर ठेवल्या.

"तू सानशिन विकायला काढलंयस की शिकायला?" तो म्हणाला. वर्ग हसला. सुमिएवहिनी कोपऱ्यात बसून सगळ्यांसाठी चहा ओतत होती, ती हसली नाही. ती नवऱ्याच्या वर्गात इतकी वर्षं येत होती, गाताना ओठ हलवायची, पण तिचा आवाज कुणी ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मित्सुए चिवट होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की डबा मांडीवर. गिऱ्हाईक असलं तरी डबा मांडीवर. हळूहळू बोटं वळली. सगळ्या शुभकार्यांत पहिलं म्हणतात ते संथ गाणं तिला अडखळत का होईना, टोकापर्यंत वाजवता येऊ लागलं. गाणं मात्र जमेना.

वर्गाची रीत अशी होती: दादा तोंडात सुरांची एक छोटी शिट्टी धरायचा, एक सूर फुंकायचा, आणि सगळे आपापल्या खुंट्या पिळून तारा त्या सुराला लावायचे. मग गाणं सुरू. तो सूर मित्सुएच्या गळ्याला विहिरीच्या तळासारखा होता. ती खाली उतरली की आवाज घोगरा होऊन घरघरायचा. वरच्या सप्तकात जावं तर श्वास पुरायचा नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. वर्गातल्या सगळ्या बायका नुसते ओठ हलवत होत्या. वहिनी एकटी नव्हती तर.

"दादा, हा सूर फार खाली आहे," तिने एकदा मध्येच थांबून सांगितलं.

"हा माझ्या गुरूंचा सूर आहे."

"गुरूंना लखलाभ. माझा गळा तिथे पोचत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा वर्गाकडे बघत म्हणाला.

"अंगण खरंच वाकडं असलं तर?"

वर्गात कुणीच हसलं नाही. दादाने वहिनीकडे हात केला, तिने कप दिला, आणि तो सावकाश प्यायला. मित्सुएला कळलं आता काय येणार ते. कप खाली टेकला.

"कार्याला तू वाजव," तो म्हणाला. "मागे बसून, आमच्याबरोबर, हळू. गायचं नाही. बायकांचा गळा या गाण्याला नाही, हे मी तुझ्या चांगल्यासाठी सांगतो. सगळ्या नातेवाइकांपुढे हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"गाण्याशिवाय सानशिन? त्याला आपल्या गावात वाजवणं कधीपासून म्हणायला लागले?"

"मग वाजवूही नकोस."

मित्सुएने नखी काढली, डबा काखेत मारला आणि समाजमंदिराबाहेर पडली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. आईकडे तिने शेवटची एकच गोष्ट नेऊन ठेवायची ठरवली होती, आणि तीही हा माणूस चहाच्या एका कपाबरोबर पिऊन मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातच खुंट्या वर पिळायला सुरुवात केली. आपल्या गळ्याला बरं वाटेल तिथपर्यंत चढवायचं, बस्स. पहिल्याच दिवशी तार तुटली आणि तिच्या गालावर बसली.

"मास्तरांचा शाप," टोफू घ्यायला आलेला म्हातारा म्हणाला.

"मास्तरांची तार. स्वस्तातली," मित्सुए गाल चोळत म्हणाली. तिने बारीक तारा मागवल्या. पुन्हा चढवल्या. आता गळा आणि तार एका जागी आले, आणि तिचा आवाज असा मोकळा सुटला की शेल्फवरच्या बाटल्या किणकिणल्या. ती स्वतःच दचकली. हा आवाज तिने ऐकला होता. स्वतःच्या तोंडून नव्हे.

बाकावर नाबे आजी बसली होती. नव्वदी ओलांडलेली, आईची मैत्रीण, रोज सकाळी दुकानात येऊन दूधकॉफीचा एक कॅन घेऊन जेवणापर्यंत बसणारी. तिने कॅन खाली ठेवला.

"तुझी आई," ती म्हणाली. "शेताच्या त्या टोकाला ती गायची, आणि इकडे आम्हाला ऐकू यायचं. नवरा खेकसायचा, 'हळू.' ती हळू व्हायची. मग तो वळला की परत वर."

"आणि मी डब्यावर वाजवतेय, आजी."

"डब्याला नावं ठेवू नकोस. लढाईनंतर अमेरिकनांच्या छावणीत दुसरं होतं काय? असल्याच डब्यांवर नाचलो आम्ही, आणि पोटात काही नव्हतं तरी नाचलो."

डबा दुकानात एका खिळ्याला टांगलेला असायचा. रोज सकाळी मित्सुए तो काढायची, आणि रोज तारा उतरलेल्या असायच्या. कधी थोड्या, कधी बऱ्याच. समुद्राची दमट हवा, खुंट्या सैल पडतात. रोज पुन्हा पिळून चढवा. तिला त्याचा वैताग यायचा.

"वडिलांच्या सानशिनचं बरं होतं," एका सकाळी ती पिळता पिळता बोलून गेली. "ते आपोआप चढायचं."

ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. वडील सणासुदीला कोनाड्यातून सानशिन काढायचे, कातड्यावर तारांखाली घोडी उभी करून छेडायचे, आणि तारा दरवेळी त्यांनी ठेवल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी वर. वडील चिडत खाली उतरवायचे आणि मग पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, घराण्याचे पूर्वज येऊन वाजवून जातात. दादा ही गोष्ट प्रत्येक नव्या शिष्याला सांगायचा. मित्सुएलाही पहिल्या दिवशी सांगितली होती, जणू ती दुसऱ्या घरात वाढली होती.

"आपोआप चढायचं," नाबे आजी म्हणाली आणि कॉफीचा घोट घेतला. "आणि चढायचं थांबलं कधी?"

"आई गेली त्या वर्षी. वडील म्हणाले, पूर्वज दुःखात आहेत. मग वडील गेले, तेव्हापासून दादा म्हणतो, पूर्वज समाधानी आहेत." मित्सुएचा हात खुंटीवर थांबला. "आजी, तार टांगून ठेवली की उतरते."

"मला काय विचारतेस? वर्गाला तू जात होतीस."

"चढत नाही. कधीच चढत नाही."

"धूळ पुसायला कोण घ्यायचं ते खाली?" नाबे आजी म्हणाली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता.

मित्सुए स्टुलावर बसली. आई फडकं घेऊन बैठकीत जायची, दार ओढून घ्यायची. धूळ फार, म्हणायची. बाहेर खेळणाऱ्या लहानग्या मित्सुएला आतून गाणं ऐकू यायचं, आणि गाण्याखाली आणखी काहीतरी, फडक्यातून आल्यासारखं दबलेलं. घरात कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं, कारण बाई वाजवते आहे यापेक्षा पूर्वज वाजवून जातात हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. मित्सुएला राग आला. वडिलांचा आला, दादाचा आला, आणि थोडा आईचाही आला, की मला तरी सांगायचं होतंस. मग ती रडली, आणि नाबे आजीने तिला रडू दिलं.

तेहतिसावं आलं तेव्हा डोंगरावर थंडीतली गडद गुलाबी चेरी फुलली होती. दादाच्या घरी सगळं घराणं जमलं. पूजा झाली, उदबत्त्या लागल्या, पूर्वजांसाठी कागदी पैसे जाळले, लाल मिठाई वाटली. पुरुष देव्हाऱ्यासमोर रांगेत बसले, मांडीवर आपापली सानशिनं. मधली जागा दादाची. त्याने शिट्टीसाठी खिशात हात घातला.

मित्सुए बायकांच्या बाजूने उठली, कोनाड्यापाशी गेली, आणि तिने वडिलांचं सानशिन खाली काढलं.

"मित्सू," दादा म्हणाला. "ठेव ते."

ती दादाच्या मधल्या जागेसमोरच, देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली. कातड्यावर घोडी उभी केली. खुंटी पिळायला लागली.

"अगं, सुरात आहे ते. मी सकाळीच लावलंय."

"तुझ्या सुरात आहे," ती खुंटीवरून नजर न काढता म्हणाली. "दादा, बाबांच्या तारा आपोआप चढायच्या ना?"

"सगळ्या गावाला माहीत आहे."

"तू मास्तर आहेस. तीस वर्षं शिकवतोस. एकदा तरी कुठली तार आपोआप चढलेली पाहिलीस?"

दादा वाईट माणूस नव्हता आणि मास्तर चांगला होता. उत्तर त्याला येत होतं. सगळ्या खोलीने त्याला ते येताना पाहिलं. त्याची नजर कोनाड्याकडे गेली आणि तिथून देव्हाऱ्यावरच्या आईच्या फोटोवर.

"रोज पुसायला कोण घ्यायचं?" मित्सुए म्हणाली. "आई तिच्या गळ्याला लावायची, बाबा उतरवायचे. मी आज तिच्या जागी लावते आहे. कुणाला खाली गायचं असेल त्याने उद्या गावं."

"वर," भिंतीला टेकून बसलेली नाबे आजी म्हणाली. मित्सुएने पिळलं. "अजून. थोडं अजून. हां. तिथं."

मित्सुएने छेडलं आणि गायला लागली.

वाजवलं तिने वाईटच. नखी दोनदा घसरली, एके ठिकाणी बोट चुकून भलतीकडे पडलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. ती थांबली नाही. हात चुकला तरी गळा चुकत नव्हता. आवाज वर गेला, तिथेच राहिला, बैठकीतून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेला. आता हळू म्हणायला कुणी नव्हतं. होतं, पण त्याची हिंमत झाली नाही. म्हाताऱ्या बायकांनी आधी बोटांनी, मग हातांनी ताल धरला. दादाने आपल्या सानशिनच्या खुंट्या घाईघाईने वर पिळायला घेतल्या. त्याची तार फाटकन तुटली. तेहतिसाव्याला हसायला बंदी नसते, त्यामुळे सगळे हसले, आणि मित्सुए त्या हसण्यावरूनही गात गेली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"आई," गाणं संपल्यावर ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग इतरांची गाणी झाली, नाच झाला, दारू झाली. पाहुणे निघायला लागले तेव्हा मित्सुएने घोडी आडवी केली आणि सानशिन कोनाड्यात टांगलं.

"तारा उतरवून ठेव," दादा म्हणाला. तो बसल्या जागी चहा पीत होता.

"नाही."

"बरं, नको उतरवूस." आता त्याच्या आवाजात पुन्हा मास्तर आला होता. "हवा दमट आहे. चार दिवसांत आपोआप उतरेल."

खरंच होतं ते. ती उद्या दुकानात जाणार, सानशिन इथे राहणार.

सुमिएवहिनी उष्टे कप गोळा करत होती. ती वाकली, आणि दादाच्या हातातला कप अजून अर्धा भरलेला होता तरी तो तिने काढून घेतला.

"नाही उतरायचं," ती म्हणाली. तिचा आवाज बऱ्यापैकी उंच होता. "रोज पुसायला मीच असते."